हातातील दगड आणि हातातील बंदूक

पोळ्याचा दुसरा दिवस हा विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या सातपुड्याच्या पायथ्याशी मुलाबाळांचा सण असतो. तान्हा पोळा म्हणून लहान मुले लाकडी नंदीबैल सजवून दारोदार हिंडतात आणि घरोघर त्यांच्या हातावर खाऊ पडतो. त्याच दिवशी पांढुर्णा येथे जाम नदीच्या दोन्ही काठांवर मोठी माणसे दगडांच्या राशींजवळ उभी असतात. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते आणि त्यावर झेंडा बांधलेला असतो. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, समोरच्या काठावर सावरगावचे. झाड तोडून झेंडा हस्तगत करण्यासाठी तरुण पाण्यात उतरतात आणि त्यांच्यावर पलीकडून दगडांचा वर्षाव सुरू होतो. दुपार सरते, संध्याकाळ होते, डोकी फुटतात, हात मोडतात. अखेरीस तो झेंडा चंडीमातेच्या देवळात अर्पण होतो आणि गोटमार संपते.

या प्रथेच्या मुळाशी एक आख्यायिका सांगितली जाते. पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावच्या मुलीवर प्रेम केले आणि तो तिला घेऊन नदी ओलांडू लागला. मुलीकडच्यांनी त्याच्यावर दगड मारले, मुलाकडच्यांनी उलट दगडांनीच त्याला उत्तर दिले, आणि त्या धुमश्चक्रीत दोघांचाही अंत झाला. आख्यायिकेला इतिहासाचा आधार किती, हा प्रश्न वेगळा. तिच्यात दडलेला अर्थ मात्र विचार करण्याजोगा आहे. ज्या अविचाराने दोन जीव गेले, त्याचेच स्मरण माणसे दरवर्षी त्याच दगडांनी करतात.

पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. १९५६ पूर्वी हा मुलूख नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एकीकडे गेले आणि हे तालुके दुसरीकडे राहिले. पण येथील घरची बोली, सणवार आणि सोयरीक मराठीच राहिली. कापूस आणि संत्री पिकविणारा हा कष्टाळू शेतकऱ्यांचा प्रदेश आहे. असे असता येथील शेकडो माणसे वर्षातून एक दिवस एकमेकांवर दगड भिरकावतात, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याच्या तोंडून सहजच एक उद्गार निघतो : ‘ही माणसे वेडी झाली आहेत काय?’

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. गोटमारीत उतरणारी माणसे शेतकरी आहेत, दुकानदार आहेत, मजूर आहेत, विद्यार्थी आहेत. दोन्ही गावांत नातीगोती आहेत. ज्याने काल दगड मारला त्याच्याच दुकानातून आज मीठमिरची घेतली जाते. त्यांतील एखाद्यास मानसोपचारतज्ज्ञापुढे बसविले, तर त्याच्या नावापुढे कोणताही विकार लिहिण्याचे कारण त्या वैद्याला बहुधा सापडणार नाही. तरीही दरवर्षी जखमींची संख्या काही शेकड्यांवर जाते, आणि १९५५ पासून आजवर या नदीकाठी दहापेक्षा अधिक माणसांनी प्राण गमावले आहेत.

आता याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. शेकडो धडधाकट पुरुष, मनात चेव, डोळ्यांपुढे लक्ष्य, हातात प्रहाराचे साधन, आणि हे सर्व तासन्‌ तास. इतके असूनही बहुतेक जखमी मलमपट्टी करून घरी परततात आणि पुष्कळ वर्षी एकही मृत्यू होत नाही. याचे श्रेय माणसांच्या संयमाला फारसे देता येत नाही. ते दगडाच्या मर्यादेला आहे. दगड उचलावा लागतो, नेम धरावा लागतो, बळ लावावे लागते. तो समोरच्याला येताना दिसतो, चुकविताही येतो. आणि एक फेकल्यावर दुसऱ्यासाठी वाकावे लागते. याच दोन काठांवर दगडांऐवजी जलद गोळ्या झाडणाऱ्या बंदुका असत्या, तर पळसाचे झाड पडण्याची वाट पाहण्यास तरी किती माणसे उरली असती? माणसे तीच, चेव तोच, वैरही लटकेच; केवळ साधन बदलले असते, आणि सणाचे रूपांतर संहारात झाले असते.

अमेरिकेत वारंवार घडणाऱ्या सामूहिक गोळीबारांच्या बातम्या मराठी वाचक वृत्तपत्रांत वाचतो, तेव्हा त्याच्याही मनात प्रथम तोच प्रश्न येतो : ‘हा मारेकरी वेडा होता काय?’ पांढुर्ण्याच्या नदीकाठी उभे राहून पाहिले म्हणजे कळते की, त्याच्या हातात काय होते आणि ते त्याच्या हाती कसे आले, हे आधी विचारले पाहिजे.

या दृष्टीने १४ डिसेंबर २०१२ या एकाच दिवसाचा वृत्तांत पुरेसा बोलका आहे. त्या दिवशी चीनच्या हेनान प्रांतातील एका खेड्यात एक मनुष्य सुरा घेऊन प्राथमिक शाळेत शिरला. त्याने तेवीस मुलांना जखमी केले. मुले रक्तबंबाळ झाली. परंतु त्यांतील एकही दगावले नाही. त्याच दिवशी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात सँडी हूक येथील प्राथमिक शाळेत एक तरुण बंदूक घेऊन शिरला. काही मिनिटांत वीस बालके आणि सहा प्रौढ मृत्युमुखी पडले. दोघांच्याही मनात कोवळ्या मुलांवर हात उगारण्याइतकी विकृती होती. एकाच्या हातात सुरा होता, दुसऱ्याच्या हातात एकामागून एक गोळ्या सोडणारी रायफल होती. एका गावात जखमा भरून आल्या, दुसऱ्या गावात सव्वीस घरांत दुखवटा आला.

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख १७९१ च्या घटनादुरुस्तीत आहे आणि तेथील लोक त्याला परंपरेचा मान देतात. २०१७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे त्या देशात नागरिकांच्या हाती सुमारे एकोणचाळीस कोटी बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका अधिक. २०२१ या एका वर्षात तेथे ४८,८३० माणसे बंदुकीच्या गोळीने मेली. सामूहिक गोळीबारांची वर्तमानपत्रांत सर्वांत अधिक चर्चा होत असली, तरी या मृत्यूंत त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. बाकीचे मृत्यू घराघरांत आणि गल्ल्यांत, गाजावाजा न होता घडतात.

बंदुकीचे पाठीराखे म्हणतात की, बंदूक आपण होऊन कोणाला मारीत नाही, माणूस मारतो. म्हणून बंदुकीवर बंधने नकोत, वेड्यांवर उपचार करा. हा युक्तिवाद ऐकण्यास सोपा आहे आणि त्यात एक आकर्षणही आहे : दोष वेड्यावर गेला की शहाणा मोकळा होतो. परंतु तो कसोटीला उतरत नाही. मनाचे आजार जगातल्या सर्वच देशांत आहेत. जपान, इंग्लंड किंवा भारत यांत मनोरुग्ण नाहीत असे नाही. तरीही शाळांतून आणि बाजारांतून असे गोळीबार तेथे अमेरिकेइतके वरचेवर होत नाहीत. अमेरिकेतील संशोधक जेफ्री स्वॉन्सन यांनी केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, समाजातील एकूण हिंसेपैकी सुमारे चार टक्केच हिंसा गंभीर मनोविकारांच्या खाती घालता येते. सर्व मनोविकार उद्या एका फुंकरीने नाहीसे झाले, तरी उरलेली शहाण्णव टक्के हिंसा जागच्या जागी राहील. द्वेष, मत्सर, अपमानाचा सूड, प्रसिद्धीची हाव, दारूची धुंदी हे रोग नव्हेत. ते मनुष्यस्वभावाचे दोष आहेत आणि ते शहाण्यांच्याच ठिकाणी विपुल आढळतात.

मनोरुग्ण म्हणजे हिंस्र मनुष्य, ही समजूत किती चुकीची आहे, हे पाहण्यास पांढुर्ण्याहून फार दूर जाण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यात सौसरजवळ जामसावळी येथे हनुमानाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. पहुडलेल्या स्थितीतील ही मूर्ती स्वयंभू मानली जाते. बाधा झाली, झपाटले, अंगात आले अशा समजुतीने ज्यांना कुटुंबीय घेऊन येतात, त्यांची तेथे रीघ असते. ज्यांना शहरात मनोरुग्ण म्हटले असते तीच ही माणसे. कोणी घुमते, कोणी ओरडते, कोणी भिंतीकडे पाहत गप्प बसून असते. शेजारी थकलेली आई असते, हवालदिल नवरा असतो. त्यांच्याकडे पाहून भीती वाटण्याजोगे काही नसते. कणव यावी असेच ते दृश्य असते. दुसऱ्यास इजा करणे दूरच, तहानभुकेचेही भान त्यांतील काहींना उरलेले नसते.

वस्तुतः मनोरुग्ण हा हिंसेचा कर्ता असण्यापेक्षा तिचा बळी असण्याचाच संभव अधिक. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खाजगी निवासाला आग लागली. तेथील रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि अठ्ठावीस जीव जळून गेले. त्या घटनेनंतर देशभर हळहळ झाली, न्यायालयांनी लक्ष घातले, आणि पुढे २०१७ साली मानसिक आरोग्याचा जो नवा कायदा झाला त्याने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली. साखळी शहाण्यांनी बांधली होती आणि मरण पावले ते आजारी होते, हे विसरता कामा नये.

म्हणून मानसिक आरोग्याची काळजी घ्यावयाची ती रुग्णाच्या स्वतःच्या सुखासाठी, त्याच्या कुटुंबाच्या निवाऱ्यासाठी. गोळीबाराच्या भीतीपोटी घ्यावयाची नव्हे. तिची गरज तर फारच मोठी आहे. बंगळूरच्या ‘निमहान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत, मध्य प्रदेश धरून, जी राष्ट्रीय पाहणी केली तिच्याप्रमाणे देशातील सुमारे पंधरा कोटी लोकांना मानसिक उपचारांची गरज होती. आणि विकारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. सौसरच्या शेतकऱ्यापुढे तर निराळीच अडचण असते. त्याच्या राज्याची मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूर येथे, म्हणजे एका रात्रीच्या प्रवासावर. जवळचे मनोरुग्णालय नागपूरचे. १८६४ पासून चालत आलेले, पण परराज्यातले. अशा स्थितीत मारुतीरायाचे देऊळ हेच सर्वांत जवळचे आणि सर्वांत स्वस्त आशास्थान ठरते. श्रद्धेची थट्टा करून हा प्रश्न सुटणार नाही. देवाचा अंगाराही असू द्यावा आणि वैद्याची गोळीही असू द्यावी, असे कुटुंबाला समजावून सांगणारे कोणी तरी तेथे असले पाहिजे.

तर मग बंदूक आणि मन यांचा संबंध मुळीच नाही काय? आहे, आणि तो कोठे आहे हे नेमके पाहिले पाहिजे. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने बत्तीस जणांचे प्राण घेतले. त्यांत मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनीही होती. मारेकऱ्याच्या मानसिक अवस्थेची कोणाला कल्पना नव्हती असे नाही. २००५ च्या अखेरीसच न्यायालयाने त्याच्यापासून त्याच्याच जिवाला धोका असल्याचे ठरवून उपचारांचा आदेश दिला होता. अशा माणसाला बंदूक विकू नये, असा कायदाही तेथे १९६८ पासून होता. परंतु न्यायालयाचा तो निर्णय बंदूकविक्रीच्या वेळी तपासल्या जाणाऱ्या नोंदींत पोहोचलाच नाही. त्याने दुकानात जाऊन रीतसर पैसे मोजले आणि पिस्तुले विकत घेतली. म्हणजे वैद्यकाला कळले होते, न्यायालयाला कळले होते. केवळ दुकानदाराला कळले नाही. या दुर्घटनेनंतर नोंदी पाठविण्याचा कायदा कडक करण्यात आला. तरीही २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासमधील युवाल्डी येथे एका अठरा वर्षांच्या मुलाने वाढदिवस उलटताच रायफली रीतसर विकत घेतल्या आणि शाळेत एकोणीस मुले व दोन शिक्षिका यांना ठार केले. त्याच्या हाती त्या देण्यास तेथील कायद्याचा अडसर नव्हता.

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा याच्या उलट दिशेने विचार करतो. अमेरिकेत शस्त्र हा हक्क आहे आणि तो नाकारण्याचे कारण सरकारला द्यावे लागते. भारतात शस्त्र ही सवलत आहे आणि ती का हवी, हे अर्जदाराला सांगावे लागते. अर्जदाराचे वय सामान्यतः एकवीस वर्षे पूर्ण असावे लागते, पोलिसांकडून चौकशी होते, आणि मन विकल असलेल्यास परवाना नाकारण्याची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाने ठेवावयाच्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. हा कायदा सर्वत्र निर्दोषपणे चालतो असे नव्हे. गावठी कट्टे कोणाचा परवाना मागत नाहीत, आणि लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळ्यांनीही माणसे मेलेली आहेत. पण रागाच्या पहिल्या उकळीला सामान्य माणसाच्या हाती बंदूक लागू नये एवढे काम या कायद्याने मोठ्या प्रमाणावर केले आहे. कायद्याने गोळीबार समूळ थांबतातच असेही नाही. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे मारली गेल्यावर ऑस्ट्रेलियाने लाखो बंदुका परत विकत घेतल्या आणि पुढे अनेक वर्षे असे मोठे प्रसंग अगदी विरळ झाले. तरी २०२५ च्या डिसेंबरात सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर पुन्हा रक्त सांडले. धरण बांधल्यावरही एखाद्या साली पूर येतो. म्हणून धरण बांधू नये असे कोणी म्हणत नाही.

साधन दूर ठेवण्याचे महत्त्व आणखी एका ठिकाणी दिसते, आणि तेथे हा विषय सौसर-पांढुर्ण्याच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरापर्यंत येऊन पोहोचतो. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या हाताने मरतात. २०२१ साली त्यांची संख्या सव्वीस हजारांवर होती. निराशेची तीव्र लाट पुष्कळदा थोड्याच वेळात ओसरते. त्या घटकेला प्राणघातक साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आपले आयुष्य जगतात. अमेरिकेच्या घरात कपाटातील बंदूक जे करते, ते कापसाच्या मुलखात ओसरीवर पडलेला कीटकनाशकाचा डबा करतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर क्रमाक्रमाने बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. भारत सरकारनेही २०१८ साली अठरा कीटकनाशकांवर बंदीचा निर्णय घेतला. श्रीलंकेत लोकांची सारी दुःखे काही नाहीशी झाली नव्हती. दुःखाच्या हाताशी असलेले विष तेवढे दूर झाले होते. औषधाचा डबा कुलपात ठेवणे, उरलेले औषध घरी न साठविणे, घरातले माणूस गप्प गप्प राहू लागले तर त्याच्याजवळ बसून विचारपूस करणे, या लहान गोष्टी आहेत, पण त्यांनी जीव वाचतो. मन फारच खचले तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलीमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आता पुन्हा जाम नदीच्या काठी यावे. गोटमार थांबविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. जमावबंदीचे आदेश निघतात, दारूची दुकाने बंद राहतात, काठावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभ्या असतात. एकदा तर प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरविले. चेंडूंनी खेळ रंगेना आणि लोकांनी पुन्हा दगडच उचलले. ‘ही आमची परंपरा आहे’ हे उत्तर पांढुर्ण्यात मिळते, आणि ‘हा आमचा १७९१ चा हक्क आहे’ हे उत्तर अमेरिकेत मिळते. दोन्ही उत्तरांचा सूर एकच. परंपरा ही प्रिय असते. म्हणूनच तिच्याशी बोलताना तुच्छतेने बोलून चालत नाही.

मात्र पांढुर्ण्याच्या लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी एक गोष्ट ओळखलेली आहे. त्या दिवशी गोफण चालविण्यास मनाई असते. हातातून सुटलेला गोटा जितक्या अंतरावर जातो आणि जितका लागतो, त्याच्या कितीतरी पट दूर आणि कितीतरी पट जोराने गोफणीतला गोटा जातो. रबरी चेंडू गावाने नाकारला. पण गोफण बाळगणाऱ्याची बाजू तेथे कोणी जाहीरपणे घेत नाही. आपल्या खेळाच्या जोशात कोणाचा जीव जाऊ नये म्हणून साधनाचे बळ कोठे तरी रोखले पाहिजे, हे या मनाईत मान्य झालेले आहे. मनाई पुष्कळदा मोडली जाते, हे खरे. तरी तिच्यामागचे शहाणपण मोडत नाही.

ज्या दिवशी गोफणीप्रमाणेच दगडही जमिनीवर राहील आणि पळसाच्या झाडासाठी नुसती चुरस होईल, त्या दिवशी त्या आख्यायिकेतील दोन प्रेमिकांचे खरे स्मरण होईल. तोवर दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी कोणाची तरी आई दारात उभी राहून मुलाची वाट पाहणार आहे. आणि अमेरिकेत रोज सकाळी मुलाला शाळेच्या दारी सोडताना कोणाच्या तरी आईचा पाय क्षणभर अडखळणार आहे.